बसवलेल्या सांध्याचा सातबारा कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुडघेबदलाच्या जाहिराती हल्ली वर्तमानपत्रांत, एसटी स्टँडवर, रिक्षांच्या पाठीवर सगळीकडे दिसतात. ‘३० वर्षे टिकणारा गुडघा’ असा दावाही त्यांत असतो. हा आकडा येतो कुठून, हे गुडघा बदलायला निघालेल्या माणसाला माहीत असले पाहिजे, आणि बसवलेल्या प्रत्येक सांध्याची सक्तीची नोंदवही आपल्याकडे असली पाहिजे, म्हणून हे पत्र.

असा आकडा बहुतेक वेळा प्रयोगशाळेतून येतो. सिम्युलेटर नावाच्या यंत्रात कृत्रिम सांधा सीरमच्या द्रावात बुडवून दिवसरात्र हलवत ठेवतात. १० लाख आवर्तने म्हणजे माणसाची साधारण एक वर्षाची चाल, असा हिशेब धरतात आणि अधूनमधून प्लास्टिकची झीज मोजतात. ही चाचणी आवश्यकच आहे. पण यंत्राला जंतुसंसर्ग होत नाही, त्याचे हाड ठिसूळ होत नाही, ते पाय घसरून मोरीत पडत नाही आणि पंगतीला मांडी घालून बसत नाही. सांधा खरोखर किती टिकला हे समजायचे तर ज्यांच्या शरीरात तो बसवला त्या सगळ्यांची नोंद ठेवायची आणि वर्षानुवर्षे पाहत राहायचे, याला दुसरा मार्ग नाही.

काही देशांनी ते केले. स्वीडनने १९७५ मध्ये गुडघ्यांची आणि १९७९ मध्ये खुब्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. फिनलंड १९८०, नॉर्वे १९८७, ऑस्ट्रेलिया १९९९, इंग्लंड-वेल्स २००३. ‘माझा सांधा किती वर्षे जाईल?’ या रुग्णाच्या प्रश्नाला आज आपल्याकडचा डॉक्टर जे उत्तर देतो, ते या नोंदवह्यांतूनच उसने घेतलेले असते. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या नोंदींवरून काढलेले आकडे छापले: संपूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षे टिकतात आणि खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के. २५ वर्षांपूर्वी बसवलेले ते सांधे जुन्या बनावटीचे होते, त्यामुळे आजचे जास्त टिकतील अशी आशा ठेवायला जागा आहे.

आशा ठेवू, पण ते आकडे आपले नाहीत. आपल्याकडे खुबा बदलणाऱ्यांत मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मेलेले तरुण रुग्ण मोठ्या संख्येने असतात. पस्तिशीतला माणूस त्या खुब्यावर पुढची चाळीस वर्षे चालणार असतो. गुडघ्याचे रुग्ण पाय पार धनुष्यासारखे वाकल्यावर येतात. एकाच वेळी दोन्ही गुडघे बदलून घेण्याचे प्रमाणही आपल्याकडे बरेच आहे. शिवाय आता भारतीय बनावटीचे सांधे मोठ्या प्रमाणात वापरले जातात. ही चांगली गोष्ट आहे, पण त्यांच्याबद्दल ऑस्ट्रेलियाची नोंदवही आपल्याला काय सांगणार? ते तिथे बसवलेच गेले नसतील, तर त्यांचा इतिहास फक्त आपल्याच रुग्णांच्या हाडांत आहे, आणि तो कुणी पूर्णपणे लिहून ठेवत नाही.

‘रजिस्ट्री’ म्हटले की आपल्याला दुय्यम निबंधकाचे कार्यालय आठवते. आठवू द्या, कारण कल्पना तीच आहे. जमिनीच्या प्रत्येक तुकड्याचा सातबारा असतो. मालक बदलला, वाटणी झाली, बोजा चढला की फेरफार नोंदला जातो आणि तो त्याच गटावर चढतो. सांध्याच्या नोंदवहीत पहिली शस्त्रक्रिया हा सातबारा आणि पुढे त्याच सांध्यावर झालेली प्रत्येक पुनर्शस्त्रक्रिया, जिला आम्ही रिव्हिजन म्हणतो, हा फेरफार. एखादा भाग काढला, बदलला किंवा नवा घातला की ती रिव्हिजन. नुसते लायनर, म्हणजे सांध्यातले प्लास्टिकचे अस्तर, बदलले तरी रिव्हिजनच. व्याख्या इतकी काटेकोर ठेवावी लागते, नाहीतर जो तो आपल्या सोयीने मोजतो.

आपल्या रुग्णांचे कसे चालले आहे हे शल्यविशारदाला स्वतःला कळत नाही का? प्रामाणिक उत्तर असे, की कळू शकत नाही. हिशेब करून पाहू. समजा एका विशिष्ट बनावटीचा गुडघा एका डॉक्टरने ३० रुग्णांना बसवला. चांगल्या गुडघ्यात ५ वर्षांत ३ टक्के रिव्हिजन लागतात असे धरले, तर ३० पैकी एखाद्याची पाळी येईल. हाच गुडघा सदोष असून प्रमाण तिप्पट, म्हणजे ९ टक्के असेल, तर तिघांची येईल. त्या तिघांपैकी एक मुलाकडे दुसऱ्या शहरात जाईल, एक नाराज होऊन दुसरा डॉक्टर गाठेल. मूळ डॉक्टरच्या समोर उरला एकच. म्हणजे चांगला गुडघा आणि तिप्पट वाईट गुडघा त्याला सारखेच दिसतात. त्याच बनावटीचे ३,००० गुडघे एका वहीत आले, तर ९० आणि २७० यांतला फरक कुणाच्याही नजरेतून सुटणार नाही. डॉक्टर कितीही कुशल असो, हा प्रश्न संख्येचा आहे.

नॉर्वेचे उदाहरण पाहा. सांधा हाडात पक्का करायला बोन सिमेंट वापरतात. १९९० च्या सुमारास बोनलॉक नावाचे नवे सिमेंट आले. घट्ट होताना ते कमी तापते, म्हणून हाडाला सुरक्षित, असे म्हटले जाई. तर्क पटण्यासारखा होता. पण नॉर्वेच्या नोंदवहीत काही वर्षांतच दिसू लागले, की या सिमेंटने बसवलेले खुबे इतरांपेक्षा कितीतरी लवकर सैल होत आहेत. १९९५ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि सिमेंट बाजारातून गेले. त्या डॉक्टरांनी काही चूक केली नव्हती. उत्पादन दिसायला उत्तम होते, कागदावर उत्तम होते, आणि माणसात वाईट होते.

दुसरे उदाहरण आपल्या घरातले आहे. एएसआर नावाचा धातूवर धातू घासणारा खुबा जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू या कंपनीने आणला. त्याची वाटी अर्धगोलापेक्षाही उथळ होती. वाटी बसवताना कोन थोडा जरी चुकला, तरी भार तिच्या कडेवर येई, कड घासली जाई, आणि कोबाल्ट-क्रोमियमचे सूक्ष्म कण आसपासच्या मांसात आणि रक्तात उतरत. काहींच्या सांध्याभोवती गाठी झाल्या, स्नायू नासले. याची पहिली ठळक खूण ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीने पकडली. डिसेंबर २००९ मध्ये तिथे हा खुबा बंद झाला. मग इंग्लंड-वेल्सच्या नोंदवहीतून कळले, की ५ वर्षांत त्याच्या रिव्हिजनचे प्रमाण १२ ते १३ टक्के आहे. २४ ऑगस्ट २०१० रोजी कंपनीने तो जगभरातून परत बोलावला. तोपर्यंत सुमारे ९३,००० लोकांच्या शरीरात तो बसला होता.

भारतात तो २००६ पासून येत होता आणि सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. केंद्र सरकारने चौकशी समिती नेमली ती फेब्रुवारी २०१७ मध्ये, सांधा परत बोलावल्याला साडेसहा वर्षे झाल्यावर. ४,७०० पैकी जेमतेम हजारभर रुग्णांचा माग लागला. उरलेल्या सुमारे ३,६०० लोकांच्या खुब्यात काय आहे, हे सांगणारा कागद कुणाकडेच नव्हता. अशा रुग्णाच्या रक्तात कोबाल्टचे प्रमाण दर लिटरला ७ मायक्रोग्रॅमच्या वर गेले, तर पुढच्या तपासण्या कराव्यात अशी ब्रिटनच्या औषध-नियामकाची सूचना होती. रक्ताची तपासणी अवघड नाही. पण कुणाचे रक्त तपासायचे? नंतर भरपाईचे सूत्र ठरले, ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंतच्या रकमा जाहीर झाल्या. ज्याला आपल्या शरीरातल्या सांध्याचे नावच माहीत नाही, तो त्या रकमेसाठी अर्ज करणार कसा? जोखमीच्या वैद्यकीय उपकरणांसाठी स्वतंत्र नोंदवही हवी, हे त्या समितीनेही सुचवले होते.

ही वही शस्त्रक्रियागृहात नेमकी कशी भरली जाते, ते जवळून पाहण्यासारखे आहे, कारण सगळे यशापयश एका स्टिकरवर ठरते. गुडघ्याचा एक सांधा म्हणजे तीन किंवा चार खोकी: मांडीच्या हाडावरची टोपी, नडगीवरची थाळी, दोहोंमधले प्लास्टिक आणि कधी वाटीच्या हाडाचे बटण. शिवाय सिमेंटचे पाकीट. खुब्यात वाटी, लायनर, गोळा, दांडा आणि लागलेच तर स्क्रू. प्रत्येक खोक्यात सुटी निघणारी चार-सहा स्टिकरे असतात. त्यांवर उत्पादनाचा क्रमांक, लॉट क्रमांक, माप, मुदत आणि बारकोड. यांतला लॉट क्रमांक, म्हणजे कारखान्यातल्या खेपेचा क्रमांक, सर्वांत मोलाचा, कारण बनावट चांगली असूनही एखादीच खेप बिघडलेली असू शकते. त्या खेपेतले सांधे कुणाकुणाला बसले, हे लॉटशिवाय कळत नाही.

हे स्टिकर आज कुठे जाते? एक ऑपरेशनच्या टिपणावर, एक बिलाच्या फायलीत, एक विम्याच्या किंवा योजनेच्या दाव्याला, एक माल पुरवणाऱ्याकडे. सगळीकडे पैशांसाठी जाते, रुग्णाच्या भविष्यासाठी कुठेच जात नाही. चुका कशा होतात तेही ठरलेले आहे. मापाचे दोन भाग उघडले जातात, एक बसत नाही म्हणून बाजूला ठेवतात आणि घाईत त्याचेच स्टिकर चिकटवले जाते. टिपणात ‘सिमेंटेड टीकेआर, उजवा’ (सिमेंटने बसवलेला संपूर्ण उजवा गुडघा) एवढेच लिहून कंपनीचे नाव राहते. सिमेंटचे स्टिकर तर बहुतेकदा पाकिटासोबत कचऱ्यात जाते, आणि बोनलॉकची गोष्ट आठवली तर ते किती महाग पडू शकते हे कळेल. छायाप्रतीवर छायाप्रत काढली की बारकोड वाचता येत नाही. यावरचा उपाय साधा आहे. भाग हाडात पक्का बसल्यावर, टाके घालणे सुरू असताना, परिचारिकेने बारकोड स्कॅन करायचा आणि पडद्यावर आलेले माप व बाजू मोठ्याने वाचायची, शल्यविशारदाने ‘बरोबर’ म्हणायचे. याला दोन मिनिटे पुरतात.

स्कॅन केलेल्या क्रमांकाला अर्थ मिळावा म्हणून मागे एक सूची लागते. अमुक क्रमांक म्हणजे अमुक कंपनीचा, ३२ मिलिमीटरचा, सिरॅमिकचा गोळा, हे त्या सूचीतून आपोआप भरले जाते. डॉक्टरांना हाताने लिहायला लावले, तर एकाच सांध्याची पाच नावे पडतात. ही सूची उत्पादकांकडूनच, आयात व उत्पादनाच्या परवान्याची अट म्हणून, घेतली पाहिजे. उपकरणावर एकमेव ओळख-क्रमांक असावा ही तरतूद आपल्या २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत आहे. तो १ जानेवारी २०२२ पासून लागू व्हायचा होता, पण पुढे ढकलला गेला. खोक्यावर बारकोड बहुतेकांचा असतोच. त्यामुळे त्यासाठी अडून राहण्याचे कारण नाही.

बाकीचा तक्ता लहानच हवा. वय, लिंग, बाजू, तारीख, रुग्णालय, शल्यविशारदाचा क्रमांक, सांधा कशामुळे खराब झाला, वजन-उंची, भुलीच्या दृष्टीने प्रकृतीची श्रेणी, सिमेंट वापरले की नाही, आणि स्टिकरे. रिव्हिजन असेल तर कारण: सैल झाला, पू झाला, निखळला, हाड मोडले, अस्थिर झाला. एका पानात बसते. शंभर रकान्यांचा तक्ता करायचा मोह प्रत्येक समितीला होतो. तसा तक्ता पहिले सहा महिने भरला जातो आणि मग कोरा राहू लागतो.

खरी कसोटी जोडणीची. पहिली शस्त्रक्रिया लातूरला झाली आणि रिव्हिजन मुंबईत, तर दोन्ही नोंदी एकाच सांध्याच्या आहेत हे वहीला कळायला हवे. नावावरून ते होत नाही. एका कागदावर वडिलांचे नाव मधे, दुसऱ्यावर पतीचे, तिसऱ्यावर आडनाव आधी. इंग्रजी स्पेलिंग तर दर कागदावर वेगळे. जन्मतारखेवरूनही होत नाही, कारण महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीची जन्मतारीख शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहून ठेवली आहे. त्यामुळे आभा या सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा १४ अंकी क्रमांक, तो नसेल तर आधाराचे सांकेतिक रूप, आणि त्यासोबत मोबाइल क्रमांक व गाव, असे दोन-तीन धागे हवेत. डावा-उजवाही चुकता कामा नये. दोन्ही गुडघे एकाच दिवशी बदलले असतील तर त्या दोन नोंदी आहेत. पुढे उजव्याची रिव्हिजन झाली आणि बाजू लिहिली नाही, तर डाव्याच्या चांगल्या सांध्यावर डाग लागतो.

मृत्यूची नोंदही जोडावी लागते. सत्तरीत गुडघा बदललेला माणूस ८५ व्या वर्षी वारला, तर त्याचा गुडघा शेवटपर्यंत टिकला असा त्याचा अर्थ. पण मृत्यू कळलाच नाही, तर तो सांधा वहीत कायम ‘चालू’ दिसत राहतो आणि टिकाऊपणाचे आकडे खोटे फुगतात. जन्म-मृत्यूची नोंद आता संगणकावर होते, तेव्हा ही जोडणी अशक्य राहिलेली नाही.

इथे एक गोष्ट परदेशी नमुन्यात सापडणार नाही, ती आपण आपली विचारात घेतली पाहिजे. स्वीडनमध्ये सांधा बिघडला की रिव्हिजन होते, कारण पैसे सरकार देते. म्हणून रिव्हिजन हे बिघाडाचे बऱ्यापैकी विश्वासार्ह माप ठरते. आपल्याकडे गुडघा दुखायला लागला तर आजी काठी घेते, मग वॉकर, मग खाट धरते. दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च परवडत नाही, मुले म्हणतात आता या वयात कशाला. ही आजी रिव्हिजनच्या आकड्यात कधीच येणार नाही. तिचा बिघडलेला सांधा वहीत यशस्वी म्हणून राहील. त्यामुळे भारतातली नोंदवही केवळ रिव्हिजन मोजून चालणार नाही. तिला रुग्णाला विचारावे लागेल.

विचारण्याची पद्धत तयार आहे. ऑक्सफर्ड स्कोअर नावाची १२ प्रश्नांची यादी आहे. प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण, एकूण ४८. शस्त्रक्रियेआधी एकदा आणि सहा महिन्यांनी पुन्हा विचारतात. इंग्लंडमध्ये २००९ पासून सरकारी खर्चाने होणाऱ्या सांधेबदलात हे नेमाने होते. ही यादी मराठीत घेताना नुसते शब्दांतर पुरणार नाही. भारतीय शौचालय वापरता येते का, जमिनीवर मांडी घालून बसता आणि धरल्याशिवाय उठता येते का, एसटीच्या पायऱ्या चढता येतात का, शेतात बांधावरून चालता येते का, हे वेगळे विचारायला हवे. आणि पहिल्या व पाचव्या वर्षी फोन करून विचारायला हवे. टपालाने पाठवलेला कागद परत येत नाही. जिल्हा रुग्णालयातल्या भौतिकोपचार विभागाला हे काम देता येईल. दहा मिनिटांचा फोन आहे.

आपल्याकडे काहीच नाही असे नाही. हिप व नी सर्जन्सच्या राष्ट्रीय संघटनेने स्वतःहून नोंदवही सुरू केली आणि अनेक डॉक्टरांनी वेळ काढून तिच्यात नोंदी भरल्या. त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. पण ऐच्छिक वहीचे दुखणे असे, की तिच्यात भरणारा आधीच काळजीपूर्वक काम करणारा असतो. ज्याचे निकाल वाईट आहेत तो भरत नाही, आणि रिव्हिजन दुसरीकडे झाली तर ती येत नाही. इंग्लंडनेही हा अनुभव घेतला. १९९० च्या दशकात तिथे ३एम कॅपिटल नावाचा खुबा मोठ्या प्रमाणात बिघडला, १९९८ मध्ये इशारा निघाला आणि तो बसवलेले रुग्ण शोधण्याची धावपळ झाली. त्यातून २००३ मध्ये नोंदवही आली. पण सरकारी रुग्णालयांना ती सक्तीची केली २०११ मध्ये. आज तिच्यात ३० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया आहेत आणि नोंदी भरल्या जाण्याचे प्रमाण रुग्णालयांच्या दाखल-नोंदींशी ताडून दरवर्षी तपासले जाते.

आपल्याकडे २०१५ पासून केंद्राचा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम आहे. वैद्यकीय उपकरणाने अपाय झाला तर तिथे कळवायचे असते. कार्यक्रम उपयुक्त आहे, पण त्याच्या हाती फक्त अंश लागतो, छेद लागत नाही. अमुक सांध्याच्या १२ तक्रारी आल्या. १०० पैकी १२ की ४०,००० पैकी १२? छेद देते ती नोंदवही.

शल्यविशारदांची एक भीती खरी आहे आणि ती झटकून टाकू नये. ‘माझे आकडे उद्या ग्राहक न्यायालयात माझ्याविरुद्ध वापरले जातील.’ ऑस्ट्रेलियाने नोंदवहीतली माहिती कायद्याने संरक्षित केली आहे. नोंदवहीतल्या ओळखणाऱ्या नोंदी न्यायालयातही मागवता येत नाहीत. असे संरक्षण नसेल तर डॉक्टर अवघड रुग्णाची नोंद टाळतील आणि वही निरुपयोगी होईल. रुग्णाचे स्वतःचे कागद त्याला मिळतातच, त्याचा दावा करण्याचा हक्क कुठे जात नाही. दुसरे असे, की तुलना करताना रुग्णांचा फरक धरावा लागतो. संधिवाताने वाकलेले, पूर्वी पू झालेले, अतिस्थूल रुग्ण जो घेतो, त्याचे प्रमाण वरचढ दिसणारच. वय, आजार, प्रकृतीची श्रेणी यांचा हिशेब घालून आणि संख्या लहान असल्याची सवलत देऊनच एखाद्या रुग्णालयाला पत्र गेले पाहिजे. आधी नोंदी तपासा, मग कारण शोधा, मग सुधारणा करा, असे ते पत्र असावे. डॉक्टरांची नावानिशी क्रमवारी छापण्याच्या आम्ही विरोधात आहोत. सांध्याच्या बनावटींचे निकाल मात्र नावानिशी, दरवर्षी, सर्वांना वाचता येतील असे छापले पाहिजेत. ब्रिटनमध्ये तर १० वर्षांत ५ टक्क्यांहून अधिक रिव्हिजन लागणारा खुबा वापरू नये, असा दंडक २०१४ पासून आहे. आधी तो १० टक्के होता. नोंदवही होती म्हणून तो निम्म्यावर आणता आला.

पैशांचे काय? ऑस्ट्रेलियात सांधे विकणाऱ्यांवर कायद्याने आकार बसवून नोंदवही चालते. आपल्याकडे २०१७ मध्ये गुडघ्याच्या कमाल किमती ठरल्या तेव्हा कोबाल्ट-क्रोमियमच्या संपूर्ण गुडघ्याची किंमत कर सोडून ५४,७२० रुपये होती. त्यावर गुडघ्यामागे २०० रुपये घेतले, तर ते अर्धा टक्काही होत नाहीत, आणि दर लाख गुडघ्यांमागे २ कोटी जमतात. हे उत्पादकाकडून घ्यावेत, रुग्णाच्या बिलात चढवू नयेत.

देशाची वही होईपर्यंत महाराष्ट्राने थांबण्याचे कारण नाही. इथे शुश्रूषागृहांची नोंदणी १९४९ च्या कायद्याखाली होते. त्याच्या नियमांत २०२१ मध्ये बदल झाले, तसा आणखी एक करता येईल: सांधेबदल करणाऱ्या रुग्णालयाने प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंद ३० दिवसांत दिली पाहिजे, नाहीतर नूतनीकरण नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांच्या दाव्यांत इम्प्लांटचे स्टिकर वा बिल लागतेच. तोच तपशील नोंदवहीत गेल्याशिवाय दावा मंजूर करू नये, एवढा एक दुवा घातला तरी योजनेतल्या शस्त्रक्रिया पहिल्याच वर्षी वहीत येतील. विमा कंपन्यांनाही हेच लागू करता येईल. अशा वह्या चालवण्याचा अनुभव या राज्याला देशात सर्वांत जुना आहे. कर्करोगाची देशातली पहिली लोकसंख्या-आधारित नोंदवही १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाली, आणि ग्रामीण भागातली पहिली १९८७ मध्ये बार्शीत. संगणक नव्हते, रस्ते धड नव्हते, तेव्हा बार्शीच्या कार्यकर्त्यांनी गावोगावी फिरून रुग्ण शोधले आणि नोंदी इतक्या नेटक्या ठेवल्या की त्या आंतरराष्ट्रीय तुलनेत घेतल्या जातात. सांध्याच्या नोंदवहीत तर रुग्ण शोधत फिरायचेही नाही. तो स्वतःच्या पायांनी शस्त्रक्रियेला येतो.

यात एक कायद्यातली विसंगती तातडीने दूर व्हायला हवी. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरने रुग्णाचे कागद ३ वर्षे जपायचे असतात. सांधा टिकतो १५, २०, २५ वर्षे. रिव्हिजनच्या वेळी समोरच्या डॉक्टरला आत कोणता सांधा आहे हे माहीत नसते. एक्स-रेवरून अंदाज बांधून तीन कंपन्यांची हत्यारे मागवून ठेवावी लागतात, कारण एकाचा पेचकस दुसऱ्याला लागत नाही. नुसते लायनर बदलून भागले असते, तिथे जुळणारे लायनर कोणते हे न कळल्याने पक्का बसलेला सांधा हाडासकट उखडावा लागतो. शरीरात कायम राहणाऱ्या वस्तूचे कागद रुग्ण जिवंत असेपर्यंत ठेवण्याचा नियम वेगळा केला पाहिजे.

तोपर्यंत ज्यांचा सांधा बदलला आहे किंवा बदलायचा आहे, त्यांनी आपला कागद आपण सांभाळावा. गुडघ्याच्या बिलात कंपनी, बनावट आणि बॅच क्रमांक लिहिणे रुग्णालयावर २०१७ च्या किंमत-आदेशाने बंधनकारक आहे. नुसते ‘इम्प्लांट चार्जेस’ लिहिलेले बिल घेऊ नका. घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर सर्व भागांची मूळ स्टिकरे, सिमेंटच्या पाकिटावरचेही, लावून मागा. दोन गुडघे असतील तर डावे-उजवे वेगळे लिहून घ्या. त्याचा मोबाइलवर फोटो काढून घरातल्या दोघांना पाठवून ठेवा. शस्त्रक्रिया आधीच झाली असेल आणि कागद नसेल, तर रुग्णालयात लेखी अर्ज द्या. त्याच २००२ च्या नियमांनुसार ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. तीन वर्षे उलटली असतील तरी विचारा. बिलाच्या फायलीत किंवा ऑपरेशन थिएटरच्या जुन्या वहीत स्टिकर अजून चिकटलेले असू शकते.

आपले,
सांधेरोपण आणि रुग्णनोंदींच्या कामातील काही वाचक, पुणे